उलट्या मुठीची बॅटरी

नळाखालच्या पातेल्यात टपकन थेंब पडला आणि बाळाला मांडीवर थोपटता थोपटता तिचा हात थबकला. सकाळपासून मनात काहीतरी खुपत होतं, ते आत्ता लख्ख समोर आलं.

बॅटरी बदलून देणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. स्कूटरवाले उतरलेली बॅटरी आणत, भरलेली घेऊन जात. एखादी हाताला उगाच कोमट लागली, कूस फुगल्यासारखी वाटली, की तिची मूठ उलट्या बाजूला पाडून ठेवायची, एवढीच तिथली खूण. उलट्या मुठीला कुणी हात लावत नसे; संध्याकाळी दुरुस्तीवाला तेवढ्या उचलून न्यायचा. पण आजपासून तिथे आपोआप चालणारं कपाट आलं होतं. गिऱ्हाईकाने मोबाइल दाखवायचा, कप्पा आपला आपण उघडतो. आणि तिने सवयीने एक कोमट बॅटरी, मूठ उलटी करून, त्याच कपाटात सरकवली होती.

तिने सुपरवायझरला फोन लावला.

"दादा, उलट्या मुठीची एक बॅटरी आहे, तेवढी बाजूला काढा. गरम लागत होती."

"ताई, सगळे दिवे हिरवे आहेत. तुमच्या हाताला काय थर्मामीटर बसवलाय?"

"हसा तुम्ही. पण बघा तरी एकदा, पाया पडते."

कप्पे उघडल्याचे आवाज आले.

"उलटी एकही नाही. गेली कुणाकडे तरी. नंबर सांगा, शोधतो."

नंबर कोण बघतं? सगळी नजर मुठीवर.

मग तिला आठवलं. शाळेतून मुलीला आणताना नवरा त्याच केंद्रावर थांबायचा. बॅटरी सीटखाली, आणि सीटवर बापाच्या पाठीला चिकटून पोर. मागे अशीच एक बॅटरी वाळूच्या पिंपात पुरली होती, तर वाळूतूनही ती धुमसत राहिली होती.

नवरा फोन उचलेना. बाळाला खांद्यावर टाकून ती खिडकीशी उभी राहिली. या मेल्या गाड्यांना आवाजही नसतो. कान लावून तरी काय ऐकायचं?

जिन्यात पावलं वाजली. तिने धावत दार उघडलं आणि मुलीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"बॅटरी कुठली घेतलीस?"

"चांगली घेतलीय, बाई," नवरा चपला काढत हसला. "पहिली आली ती तुझ्या उलट्या मुठीची. म्हटलं, बायकोने नापास केलेली आपण कशाला घ्या? परत आत सरकवली, दुसरी घेतली."

तिने भिंतीला पाठ टेकली. जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिथेच गार झाला.

"परत आत?"

"मग काय, खिशात घालू?"

"कुणाला सांगितलंस?"

नवऱ्याचं हसू ओसरलं. "हिला भूक लागली होती. आणि मागचा माणूस घाई करत होता..."

ती पुन्हा फोन लावू लागली. लाइन व्यस्त. पुन्हा व्यस्त. मुलीने दप्तर खाली ठेवलं आणि आईच्या पदराचं टोक धरलं.

"आई, ते मागचे काका होते ना, छोट्या बाळाला घेऊन आलेले? त्यांना कळते का गं तुझी खूण?"