वाल्मिकचं कार्ड

हर्षदानं तिसरी ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. जोडणी झाली होती.

सुरतेजवळ पलसाण्याच्या या डाइंग मिलमध्ये ती ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळायची. मालकाच्या मुलानं, चंचलभाईनं, एक एजंट घेतला होता. एजंट म्हणजे माणूस नव्हे. स्वतः वाचून, स्वतः ठरवून काम करणारा प्रोग्राम. त्याला हातपाय द्यायचे ते या काळ्या पडद्यावरून, एकेक हुकूम टाइप करून. पहिल्या ओळीनं तो गेटच्या कार्ड मशीनला जोडला गेला, दुसरीनं कामगारांच्या घरी मेसेज धाडणाऱ्या सेवेला आणि तिसरीनं सरकारी ओळखीच्या नोंदींना. आजवर या तिघांची एकमेकांशी गाठ पडली नव्हती.

चंचलभाई म्हणाला होता, सगळं त्याचं त्यालाच करू दे. हर्षदानं तेवढी एक अट घालून ठेवली होती: कार्ड बंद करण्याआधी विचारायचं.

एजंटनं लगेच विचारलं. वाल्मिक, सरकारी नोंदीनुसार मयत. कार्ड बंद करून कुटुंबाला कळवू का? हो की नाही?

तिनं काचेतून खाली पाहिलं. रंगाईच्या जिगर मशीनवर वाल्मिक कापडावरचा रंग न्याहाळत उभा होता. हात कोपरापर्यंत निळे. घरात त्याचं नाव पंडित. तो तिचा बाप.

खरा वाल्मिक हा पंडितचा थोरला भाऊ. सुट्टीवर गावी गेला आणि तिथेच काविळीनं गेला. शेत बायकोच्या नावावर व्हावं म्हणून गावात मृत्यूची नोंद केली. सुरतेत मात्र त्याचं कार्ड जिवंत होतं. भावाच्या कार्डावर भावानं चार दिवस उभं राहायचं, ही इकडची जुनी रीत. पंडित उभा राहिला तो उभाच राहिला. गेटवरचा भगवान सुरुवातीला म्हणायचा, "वाल्मिक, गावाला जाऊन बुटका होऊन आलास." मग तेही थांबलं.

वाल्मिकची सुट्टी संपत आली होती म्हणून तेराव्यालाही कोणी थांबलं नाही. वाल्मिकची बायको सुंदरा पाठोपाठ सुरतेला आली, कारण पंडितची बायको आधीच गेलेली आणि हर्षदा लहान. गाडीत बसण्याआधी तिला सांगितलं गेलं, रडायचं ते इथेच रडून घे. भेस्तानच्या गल्लीतही पंडित वाल्मिकच होता, आणि ती वाल्मिकची बायको म्हणून टिकली लावून राहिली. ते खोटंही नव्हतं.

"केटला नीकळ्या, बेन?" चंचलभाईनं दारातून विचारलं. शेजारच्या मिलमध्ये असे बरेच नकली कामगार निघाले होते म्हणे.

"चेक चालू छे," ती म्हणाली.

चहाच्या वेळी ती खाली गेली. मशीनच्या आवाजात, बापाच्या कानाशी लागून तिनं सगळं सांगितलं. एजंटला नाही म्हणून सांगते, म्हणाली.

पंडितनं हात पुसले. निळा रंग काही निघाला नाही.

"रोज इचारी का ते?"

"रोज."

"अन् तू रोज नही म्हनशी?"

"हो."

"कोन नही म्हनं, ते दखास का?"

तिनं मान खाली घातली. दिसतं. तिच्या नावासकट दिसतं.

"मंग हो म्हन."

"आबा, आणि तुमचं काम?"

"नाव त्यानं शे. हात ते मनाच शेतस." नाव भावाचं, हात त्याचे स्वतःचे. मग त्यानं मशीनकडे पाहिलं. "पन पाळी सुटू दे. मधमा सोडं ते डाग पडतीन."

भोंगा झाला. कापड नीट उतरलेलं तिनं वरून पाहिलं. बाप गेटाबाहेर पडल्यावर तिनं ‘हो’ एवढं एक अक्षर टाइप केलं आणि कॉम्प्युटर बंद केला. डोक्यात फक्त कार्ड होतं. मेसेजचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

रिक्षातून दोघं भेस्तानला उतरले तेव्हा दिवे लागत होते. गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. बायका त्यांच्या दाराशी जमल्या होत्या. कोणीतरी सुतकाच्या घरी द्यायचा कडू घास म्हणून भाकरी झाकून आणली होती. शेजारच्या सरलाबाईच्या हातात सुंदराचा फोन होता आणि येणाऱ्या प्रत्येकीला ती वाचून दाखवत होती: वाल्मिकभाईंच्या निधनाबद्दल मिल परिवार आपल्या दुःखात सहभागी आहे.

मधोमध सुंदरा बसली होती. जणू वाल्मिक आत्ताच गेला होता. टिकली पुसलेली, केस सुटलेले, आणि घशातून पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेऊन येणारा तो आवाज. हर्षदानं तिचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

ती पुढे धावणार होती. सांगायला, की ते जिवंत आहेत, हे बघा.

पंडितनं तिचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "रडू दे तिले. तवय तिले रडू दिधं नही."

कोपऱ्यावरच्या अंधारात त्यानं डबा खाली ठेवला. मग चपला काढल्या, आणि तिथेच भिंतीशी खाली बसला.