गुळगुळीत फरशी

चौकशीच्या बैठकीत फरश्या बसवणारा इंजिनियर उभा राहिला आणि म्हणाला, "काम माझ्या हातचं आहे. फरश्या वरखाली बसल्या असतील तर दोष माझा."

समोरच्या पडद्यावर त्याच फरश्यांचे फोटो होते. टंगस्टन धातूच्या, सूर्यासारखी ऊर्जा घडवणाऱ्या रिऍक्टरच्या तळाशी घातलेल्या, आणि एकेकीची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची वहिनी बसली होती. आतल्या धगधगत्या वायूला भिंतीपासून दूर धरणारं चुंबकी क्षेत्र तिनं संगणकावर घडवलं होतं. त्यातून निसटलेली उष्णता क्षेत्राच्या रेषांवरून पाटाच्या पाण्यासारखी उतरते आणि तळाच्या फरश्यांवर पडते. ती एका जागी न पडता पसरावी, हे तिचं काम.

"मॅडमच्या आकड्यांप्रमाणे एवढी उष्णता कुठंच पडत नाही," प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले. "म्हणजे बसवण्यातच गफलत. पुढचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ."

वहिनीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दिरासाठी जीव तुटतोय बिचारीचा.

खरं काय ते तिला त्याच सकाळी कळलं होतं. संगणक चुंबकांच्या वेटोळ्यांतला वीजप्रवाह हजारो तऱ्हांनी बदलून बघतो, प्रत्येक तऱ्हेला गुण देतो आणि पहिली आलेली ठेवतो. फरश्यांमधल्या फटी धरल्या की हिशेब रांगायला लागतो. म्हणून तिनं त्याला सांगितलं होतं, बाबा, फरशी सलग, गुळगुळीत समज. शेवटी एकदा फटी घालून तपासू. पण उत्तर इतकं देखणं आलं, कौतुक इतकं झालं, की तपासायचं राहूनच गेलं; ते तिनं वितळलेल्या कडा पाहून आज सकाळी केलं. संगणक बिचारा आज्ञाधारक. त्यानं रेषा इतक्या आडव्या केल्या की उष्णता गुळगुळीत फरशीला नुसती घासून जावी. खऱ्या फरश्यांना कडा होत्या. घासत आलेली उष्णता फटीत शिरली आणि पुढच्या कडेवर समोरून आदळली.

चूक पोटात घालता येते हो. पण बैठकीत खरं बोलायची वेळ आली तेव्हा ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली, आणि त्या नावाआड लपून बसली. याची लाज तिला जाळत होती.

दुपारी कँटीनमध्ये दीर ट्रे घेऊन समोर बसला.

"वहिनी, सॉरी हं. तुमच्या एवढ्या सुंदर कामाला मी काळं फासलं. दादा आता म्हणेल, मोरीची लादी धड बसवता येत नाही, याच्याकडे सूर्य कुणी दिला सांभाळायला!"

तो हसला. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"भावोजी, फरश्या नीट बसल्यात. चूक माझी आहे." तिनं डोळे पुसत सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा हात सरळ आहे!" त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग रडताय काय? हिशेब चुकतो माणसाचा." मग त्याचा चमचा थांबला. "कधी कळलं तुम्हाला?"

'आत्ताच' म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही.

"सकाळी. बैठकीच्या आधी."

"मी उभा होतो तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"बरं," म्हणून तो उठला. जेवण तसंच राहिलं.

ती तडक प्रमुखांकडे गेली. ते रागावले नाहीत. "वेळेत सापडलं, छान झालं. फटी धरून हिशेब पुन्हा चालवा. तुमच्या दिराचं काम त्याच्याकडेच राहील, मी सांगतो त्याला."

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "तो सगळ्यांसमोर उभा होता. मलाही सगळ्यांसमोर उभं राहू द्या."

पुन्हा सगळे जमले. तिनं फटींचं सांगितलं, आणि फरश्यांच्या कडा घासून उतरत्या केल्या तर उष्णता त्यांवर समोरून आदळणार नाही, हेही. त्यावर कुणीतरी समजुतीनं मान हलवली, तेव्हा तिनं पुढचंही सांगितलं, "आणि हे मला सकाळी बैठकीत बसताना माहीत होतं." मग कुणाची मान हलली नाही.

दीर दाराशी उभा होता. पडद्यावरच्या वितळलेल्या कडांवरून नजर न हलवता त्यानं विचारलं, "कडा किती उतरत्या करायच्या, मॅडम?"

घरात, बाहेर, त्यानं तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं आकडा सांगितला. तो नीट ऐकू गेला नाही, म्हणून तिला पुन्हा सांगावा लागला.