अर्धेवाला

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या तसबिरी मढवल्या. लग्नाचे फोटो, पदव्या, गेलेल्या माणसांचे चेहरे, आणि मोठमोठ्या चित्रकारांच्या छापील नकला. त्या चित्रकारांची नावं काही ह्यांच्या जिभेवर बसली नाहीत. त्यांच्यासाठी एक होता ठिपकेवाला, एक वावटळवाला, एक तुकडेवाला. गिऱ्हाईक अदबीनं पूर्ण नाव घ्यायचं आणि हे आत बघून ओरडायचे, "अगं, तो वावटळवाला काढ, मोठ्या आकाराचा!"

फ्रेम झाली की तपासायची त्यांची एक पद्धत होती. डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख चारी बाजूंनी फिरवायचे. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी नख अडायचं. "डोळ्याचं काय, तो जे हवं ते बघतो," म्हणायचे. एकदा तर नुसतं नख फिरवून त्यांनी सांगितलं होतं, की लाकूड कुठल्या झाडाचं आणि त्या झाडावर घरटं कावळ्याचं होतं की बगळ्याचं. बरं, बगळा मी घातला. बाकी खरं.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. डावा हात, डावा पाय लुळा पडला, तो हळूहळू थोडा सुधारला. पण एक विचित्र गोष्ट मागे राहिली. डावीकडचं जगच त्यांच्यासाठी उरलं नाही. ताटातलं उजवीकडचं खायचे, डावीकडचं तसंच ठेवायचे आणि म्हणायचे, "आज एवढंच वाढलंस?" मला वाटलं, बायकोच्या हातच्या चवीला नावं ठेवायची नवीन तऱ्हा काढली. मग एकदा ताट फिरवून दिलं, तर उरलेलं मुकाट्यानं खाल्लं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदू डावीकडे बघायचं विसरलाय. आणि काही बघायचं राहिलंय, हेही त्याला कळत नाही.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. काहीही करण्याआधी मान वळवून ती पट्टी शोधायची, मगच कामाला हात घालायचा. आणि घरच्यांनी ह्यांच्या डावीकडेच बसायचं, म्हणजे बोलण्यासाठी तरी मान वळेल.

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, आजी," बाई म्हणाल्या. "नंतर फार अवघड जातं."

मी डावीकडे खुर्ची टाकली. चौथ्या दिवशी हे उजवीकडच्या भिंतीला म्हणाले, "हल्ली तू माझ्यापाशी बसत नाहीस. आतूनच बोलतेस."

मी हातभर अंतरावर होते. माझ्या साडीचा पदर त्यांच्या खुर्चीवर होता. त्या दिवशी मी खुर्ची उचलून उजवीकडे नेली. बाई यायच्या वेळी तेवढी परत डावीकडे ठेवायची.

चित्रांचं खूळ आणलं आमच्या नातीनं. पेन्सिली कुरतडते म्हणून घरात सगळे तिला खार म्हणतात. दुकानातला नकलांचा गठ्ठा तिनं माळ्यावरून काढला आणि आजोबांना म्हणाली, आपण रोज एकेकासारखं काढू. दुपारी शाळेतून आली की दोघं टेबलाशी. कापूस गुंडाळलेल्या काडीनं ठिपके दिले. रंगात पीठ कालवून माझी फणी फिरवली, आणि आभाळात वावटळ उठली. फणी कायमची निळी झाली. तुकडेवाल्यासाठी जुनी मासिकं कापली. त्यात मला तीन डोळे आले आणि नाक कानाच्या जागी. सूनबाई म्हणाली, "आई, हुबेहूब."

मग एक दिवस ह्यांनी पेन्सिलीनं माझा चेहरा काढायला घेतला. बराच वेळ काढत होते. पूर्ण झाल्यावर कागद पुढे सरकवला. चेहऱ्याची एकच बाजू होती. एक डोळा, अर्धं नाक, अर्धी जिवणी, आणि पुढे कोरा कागद.

खार म्हणाली, "आजोबा, बाकीची आजी कुठंय?"

ह्यांनी कागदाकडे पाहिलं. परत पाहिलं. त्यांचा खालचा ओठ थरथरला. चाळीस वर्षांत मी तो ओठ थरथरताना दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा घरातून कुणीतरी गेलं होतं.

माझं तोंड आपोआप सुटलं. "अगं वेडे, हा अर्धेवाल्याचा प्रकार आहे!"

"कोण अर्धेवाला?"

"फार मोठा चित्रकार. अर्धंच काढायचा. म्हणायचा, उरलेलं ज्यानं त्यानं घरी जाऊन बघावं. एका राजकन्येनं त्यानं काढलेला अर्धा राजपुत्र बघून लग्नाला हो म्हटलं. मांडवात कळलं, उरलेला अर्धा टकला आहे!"

खार खो खो हसली. हेही हसले. हसता हसता म्हणाले, "मग मी कसा कधी मढवला नाही त्याला?"

"तुमच्याकडे अर्धी फ्रेम कुठं होती?"

झालं. त्या दिवसापासून माणूस फुलला. अर्धा कप, अर्धी किटली, अर्धी सूनबाई, सहाच्या पुढे आकडेच नसलेलं घड्याळ. भिंत भरून गेली. खारही अर्धी मांजर काढायला लागली. मला वाटलं, माझ्या थापेनं औषधालाही मागे टाकलं.

मग एका सकाळी हे दाराच्या चौकटीवर डाव्या खांद्यानं जोरात आदळले. खांदा काळानिळा झाला. व्यायामाच्या बाईंनी तो पाहिला, भिंत पाहिली, आणि ह्यांच्यापुढे कागद-पेन ठेवून म्हणाल्या, "आजोबा, आधी लाल पट्टी शोधा."

"मला पट्टी नको," हे म्हणाले. "ही शैली आहे माझी. अर्धेवाल्याची. तुम्हाला चित्रकलेतलं कळत नाही."

बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईनं खारीकडे. खारीनं माझ्याकडे.

दाराशी बाई मला हळूच म्हणाल्या, "ते वळायचे कष्ट का घेतील, आजी? त्यांना वाटतंय काही हरवलेलंच नाही."

सूनबाई ह्यांच्या खांद्याला हळद लावायला आत गेली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मी ह्यांच्यापाशी गेले. "अहो, अर्धेवाला वगैरे कुणी नव्हता. मी थाप मारली."

हे हसायला लागले. "जा गं. परवा म्हणालीस, शेजारच्या मांजरीनं कडी काढली."

"ती खरंच काढली!"

"बघ."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, अहो."

"सगळं दिसतं मला," ते म्हणाले, आणि अर्धा कप रंगवू लागले.

दोन दिवस मी सांगत राहिले. जितकं खरं सांगावं तितकं त्यांना हसू येई. ते हसले की मला वाटे, एक दिवस हा माणूस असाच हसत जिन्यावर डावं पाऊल चुकणार. माझं खरं कुणी का मानावं? मीच तशी सोय करून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी मी माळ्यावरून एक रिकामी फ्रेम काढली, ह्यांच्याच हातची. माझा अर्धा चेहरा तिच्यात बसवला. खुर्ची डावीकडे नेली, तिथे बसले आणि फ्रेम त्यांच्यासमोर उभी धरली.

"सांधे तपासून द्या," मी म्हटलं.

कामाचं म्हटल्यावर त्यांनी हात पुसला. डोळे मिटले. उजव्या अंगठ्याचं नख वरच्या कोपऱ्याला लागलं, तिथून खाली आलं, खालचा कोपरा. मग तळाच्या पट्टीवरून सरकत सरकत डावीकडे गेलं. तिसरा कोपरा. वर चढलं. चौथा. परत फिरून जिथून निघालं तिथं आलं.

"चारही पक्के," ते म्हणाले.

"आता डोळे उघडा. किती कोपरे आहेत?"

त्यांनी पाहिलं. "दोन."

एवढं गप्प मी जन्मात बसले नसेन.

त्यांनी डोळे परत मिटले. नख फिरवलं. ओठांनी मोजलं, चार. उघडले. दोन. तिसऱ्यांदा मिटले आणि नख आणखी सावकाश फिरवलं. ते माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नव्हते. पण त्या नखानं त्यांना कधी फसवलं नव्हतं.

"म्हणजे अर्धेवाला," ते म्हणाले.

"मीच रचला."

"आणि मी? मीही अर्धाच?"

या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि नख तळाच्या पट्टीवर टेकवलं. नखाच्या मागे नजर, नजरेच्या मागे मान, इंचाइंचानं. कपाळावर घाम आला. मध्येच नजर सुटून उजवीकडे पळाली, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. शेवटी नख तिसऱ्या कोपऱ्यावर आलं, आणि तिथं फ्रेम धरलेली माझी बोटं होती. बोटांवरून नजर वर आली.

"तू इथं होतीस?"

"इथंच बसायचे. मग पलीकडे गेले. तुम्हाला दिसत नव्हते, ते मला सोसेना."

त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी घातली. नंतर दीड दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खारीकडून निरोप यायचे. "आजोबा म्हणतात, चहा हवाय. आणि आजोबा म्हणतात, तू त्यांना लहान मूल समजलीस." ते मी ऐकून घेतलं. चहा दिला, डाव्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भिंतीवरची चित्रं स्वतः काढली. उजवीकडची तेवढी. मग थांबले, नख भिंतीवर टेकवलं, आणि नखामागून जाऊन राहिलेलीही काढली. टेबलावरची लाल पट्टी सुटत आली होती, ती दाबून बसवली.

माझा चेहरा पुन्हा काढायला त्यांना अकरा दिवस लागले. आधी पट्टी, मग एक रेघ, पुन्हा पट्टी, पुन्हा एक रेघ. डावा डोळा गालावर उतरला, डावा कान मानेशी आला, आणि केस तिथपर्यंत पोचलेच नाहीत. बाईंनी कागद हातात धरला आणि बराच वेळ ठेवलाच नाही.

खारीनं वाकून पाहिलं. "आजी, हा कुठला चित्रकार गं?"

माझ्या तोंडात एक चांगला तयार झाला होता. कानवाला. त्याची एक बकरीसुद्धा होती.

ह्यांची मान हलली. नेहमीसारखी हळू, अडखळत, पट्टीपर्यंत आली, पट्टीच्या पुढे आली, आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तू गप बस," ते म्हणाले.

मी गप बसले.