शेवटच्या घराचं पाणी

गुरुवारी सकाळी सुषमाची बस तिसऱ्यांदा चुकली. ती गोडादऱ्याच्या नाक्यावर पोचली तेव्हा कारखान्याची पांढरी बस पुढच्या वळणावर दिसेनाशी होत होती. सुषमाच्या एका हातात डबा होता आणि ड्रेसची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. दोन रिक्षा बदलून ती पोचली खरी, पण तोवर तिच्या मशीनच्या पुढच्या बायका हातावर हात ठेवून बसल्या होत्या. कपडे शिवण्याच्या कारखान्यात एक मशीन थांबलं की पुढची सगळी रांग थांबते.

रांगेवर देखरेख करणाऱ्या वैशालीताई मूळच्या यवतमाळच्या. आवाज न चढवता बोलायची त्यांची पद्धत होती.

"सुषमा, तुझा हात चांगला आहे, म्हणून सांगते. सोमवारी कायम करायच्या बायकांची नावं वर जाणार. त्याआधी पुन्हा उशीर झाला तर तुझं नाव मला देता येणार नाही. घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही ताई. पाणी."

वैशालीताईंना तेवढं पुरे होतं. त्यांनीही काही वर्षं लिंबायतमध्ये काढली होती.

सुषमाची गल्ली लिंबायतच्या त्या कामगारवस्तीतच होती. एक चिंचोळा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि बहुतेक घरं जळगाव-धुळ्याकडून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कामासाठी आलेल्यांची. पाणी सकाळी सहाच्या सुमारास येई आणि तासाभरात जाई. ते जोरात येत नसे, म्हणून फार वर्षांपूर्वी कोणीतरी नळाला मोटर लावली. मग शेजाऱ्याचं पाणी कमी झालं, म्हणून त्यानंही लावली. आता प्रत्येक घरात मोटर होती. नळाला मोटर जोडायची परवानगी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तपासणी आली की मोटरी पलंगाखाली जात. सहा वाजले की सगळ्या एकदम सुरू होत. पहिल्या घरांच्या टाक्या भरून वाहत आणि शेवटच्या घरातली मोटर नुसती हवा ओढत बसे.

शेवटचं घर सुषमाचं होतं. पुढच्यांचं भरून झालं की तिच्या नळाला करंगळीएवढी धार लागे. नळाखाली खड्डा खणलेला होता. त्यात वाकून पातेलं भरायचं, वर आणायचं, पिंपात ओतायचं. सासू मंगलाबाईंचे गुडघे वाकत नव्हते. सासरे भिकन आप्पांनी पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात काढली होती. त्यात मणका गेला होता आणि कानही जवळजवळ गेले होते. नवरा गजेंद्र रात्रपाळीला असे आणि आठनंतर घरी येई. त्याच्या मालकानं सांगून ठेवलं होतं की दिवाळीनंतर जुने लूम भंगारात जाणार. नव्या मशीनवर चौघांच्या जागी एक माणूस लागतो, आणि तो एक गजेंद्रच असेल असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून सोमवारच्या यादीत सुषमाचं नाव असणं घराला गरजेचं होतं. महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, रविवारची सुट्टी. असं काम त्या घरात आजवर कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मंगलाबाई दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होत्या. नगावर मिळणारं हे काम त्या वीस वर्षं करत होत्या आणि आता टिकली डोळ्यांजवळ नेल्याशिवाय दिसत नव्हती. सुषमानं वैशालीताईंचं बोलणं सांगितलं. आप्पांसाठी ते कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगावं लागलं.

"ते कारखान्यात पहिल्या दिवशी भाषण करणारे साहेब काय म्हनत होते?" आप्पांनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते कायम ओरडूनच बोलत.

"बायका कारखान्यात जायला लागल्या की देश गरिबीतून वर येतो, म्हणत होते. बाहेरच्या दोन-तीन देशांची नावं सांगितली. तिथं असंच झालं म्हणे."

"त्या देशास्मा पानी किती वाजता येस, ते इचारं का तू?"

सुषमाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मंगलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली टिकली खाली ठेवली.

"सुषमा, गेल्या महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडाला होता, तो दिवस आठवतो? सकाळी लाइट नव्हती."

"हो. पंखा नव्हता म्हणून पोरगी रडत होती."

"आणि पाणी?"

सुषमाला आठवलं. त्या दिवशी पाणी लवकर आलं होतं आणि खड्ड्यात वाकावं न लागता आलं होतं. तिला वाटलं होतं की आज जास्त सोडलं असेल. शेजारच्या वत्सलाबाईंना वाटलं होतं की चतुर्थी आहे म्हणून. गल्लीत प्रत्येकाकडे वेगळं कारण होतं.

"लाइट गयी, म्हनीसन पानी उनं," मंगलाबाई म्हणाल्या. "मोटरी बंद होत्या, म्हणून सगळ्यांना आलं. आपणच एकमेकांचं ओढतो."

त्या उठल्या, पदर खोचला, आणि सुनेला घेऊन गल्लीत निघाल्या. मागणं सोपं होतं. शेवटच्या घराचा पिंप भरेपर्यंत कोणी मोटरचं बटण दाबायचं नाही. नंतर ज्याला वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं असेल त्यानं खुशाल चढवावं.

कोणी नाही म्हटलं नाही. अडचण तीच होती. "सगळ्यांनी बंद ठेवली तर आम्ही पण ठेवू," असं प्रत्येक दारात ऐकायला मिळालं, आणि प्रत्येकाची नजर शेजारच्या दाराकडे होती.

"मी ठेवते बंद," वत्सलाबाई म्हणाल्या, "पण समोरची ठेवेल का? तिनं माझी बादली परत करायला दोन वर्षं लावली."

"ऐकू येतंय मला!" समोरून आवाज आला. "फुटकी होती तुमची बादली!"

गल्लीतलं पहिलं घर छगनभाऊचं. तरुणपणी तो आप्पांच्या बाजूच्या लूमवर काम करायचा. पुढे त्यानं घरावर दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. गल्लीतली सगळ्यात मोठी मोटर त्याचीच होती.

"मंगलाकाकू, माझ्या वर मराठवाड्याची चार बिऱ्हाडं राहतात. पाणी नाही चढलं तर ती मला खाली उतरवतील," तो म्हणाला.

"चढव ना. आमचा पिंप भरला की चढव."

"आणि मी बंद ठेवली अन् दुसऱ्यानंच चालू केली तर? मीच येडा ठरणार."

"कानबाईच्या जेवणाला सगळ्यांची पानं वाढल्याशिवाय तू घास उचलतोस का, छगन?"

"ती देवी आहे, काकू. हे पाणी आहे." तो थोडा हसला. "बराबर, उद्या एक दिवस ठेवतो. पण लिहून ठेवा, पहिली मोटर तुमच्या आप्पाचीच लागेल."

मंगलाबाई रागावून परतल्या. घरी त्यांनी आप्पांना सगळं ओरडून सांगितलं. आप्पांनी नकारार्थी मान हलवली. "कोनी पाळाव नही," एवढंच ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

शुक्रवारी सकाळी साडेपाचपासून बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. पाण्यापेक्षा त्यांना एकमेकींवर नजर ठेवायची होती. सुषमा तयार होऊन, डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. आज बस चुकली तर सोमवार आलाच नसता.

सहा वाजले. नळांतून हवा फुसफुसली. एरवी या वेळी मोटरींच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. आज कुठेतरी पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला, मग दुसरीकडे. वत्सलाबाईंनी हात वर करून खूण केली की त्यांच्याकडे आलं. त्यांच्यानंतरचं घर सुषमाचंच.

आणि मोटर सुरू झाली.

सगळ्या गल्लीनं वळून पाहिलं. आवाज सुषमाच्या पाठीमागून, तिच्याच घरातून येत होता.

"काय म्हटलं होतं मी?" छगनभाऊ पहिल्या दारातून ओरडला आणि आत गेला. त्याची मोटर लागली. मग समोरची लागली, मग एकेक करत बाकीच्या.

सुषमा आत धावली. मोरीत आप्पा उकिडवे बसले होते. एक हात मोटरवर होता आणि चेहरा खूश होता. लूम चालू आहे की बंद, हे ते आयुष्यभर असाच हात ठेवून ओळखत आले होते.

"हळूच लावी," ते म्हणाले. "कोनले समजाव नही. तू जाय, बस चुकी."

सुषमानं प्लग ओढून काढला. त्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "आप्पा, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं."

आप्पांनी मोटरकडे पाहिलं.

"हिना आवाज येस?"

"येतो, आप्पा."

त्यांनी मोटरवरचा हात काढून घेतला. मग उठून दारात आले. बाहेर सगळी दारं त्यांच्याकडे बघत होती. ओठ हलत होते. लूमवर काम केलेल्या माणसाला ओठ वाचता येतात, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते त्यांना नीट कळलं. ते परत मोरीत गेले, पान्यानं मोटरचे बोल्ट सोडवले, पाइप काढला आणि मोटर दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलली.

"ठेवा खाले! मनका मोडी जाई!" मंगलाबाई ओरडल्या.

आप्पांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असलं तरी ते थांबले नाहीत. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते मोटर घेऊन गेले आणि छगनभाऊच्या ओट्यावर त्यांनी ती ठेवली.

"छगन, ही तुनाजोडे राहू दे. माले वाटनं, हिना आवाजच येत नही."

आधी वत्सलाबाईंना हसू फुटलं. मग समोरचीला. आप्पांनाही काय विनोद झाला ते उशिरा कळलं आणि तेही दात नसलेल्या तोंडानं हसले. छगनभाऊ मात्र हसला नाही. कोणी काही बोललं की "काय?" म्हणून पुन्हा विचारायची सवय त्याला गेल्या दोन वर्षांत लागली होती, आणि गल्लीला ती माहीत होती. तो ओट्यावरच्या मोटरकडे बघत राहिला. मग आत गेला आणि त्याची मोटर बंद झाली.

"बाकीच्यांनी काय मुहूर्त काढायचाय?" बाहेर येऊन तो ओरडला.

सुषमा अजून उंबऱ्यात होती. पिंप रिकामा होता, पाणी जाण्याची वेळ जवळ येत होती आणि बसचीही. आप्पा कमरेवर हात ठेवून सावकाश परत येत होते. लांबूनच त्यांनी हात हलवला. लूमच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून कारागीर हातानं बोलतात. लग्न होऊन आल्यावर सुषमा ती भाषा थोडीफार शिकली होती. ही खूण अशी होती: तुझा लूम मी बघतो, तू जा.

ती पळाली.

बस दरवाजा लावून निघतच होती. "चालो बेन, जल्दी," ड्रायव्हर म्हणाला. खिडकीजवळ जागा मिळाल्यावर तिनं श्वास घेतला आणि घरी फोन लावला.

"आलं का?"

"आलं, पण मोटरीच्या भांडणात अर्धा वेळ गेला," मंगलाबाई म्हणाल्या. "पिंप अर्धा झाला. वत्सलाबाईनं दोन हंडे दिले, तिच्याकडे वाहत होतं. आज कपडे नाही धुवायचे. तू बसमध्ये आहेस ना?"

"आहे."

"मग फोन ठेव. तुझा सासरा पाठीला तेल लाव म्हणतोय. मी म्हटलं, छगनकडून लावून घ्या."

शनिवारी पिंप पाऊण भरला. रविवारी कोणीतरी मोटर जरा लवकर लावली. कोणाची, ते शोधत बसावं लागलं नाही. दोन-तीन दारांतून एकदम आरोळी गेली, "भिकन आप्पा, आवाज येतोय!" आणि मोटर बंद झाली. त्यानंतर गल्लीत हेच ओरडायची पद्धत पडली. आप्पांना पहिल्यांदा वाईट वाटलं. मग कोणीतरी सांगितलं की तुमच्या नावानं पाणी येतं, तेव्हा ते ओट्यावर जरा ताठ बसायला लागले. त्यांची मोटर छगनभाऊच्या ओट्यावरच राहिली. तिच्यावर दुपारी वत्सलाबाईंच्या मिरच्या वाळत.

सोमवारी सुषमा नाक्यावर बसच्या आधी पोचली. पिंप भरून, झाकण ठेवून निघाली होती. बाही कोरडी होती. दुपारी नावं वर जाणार होती, आणि वैशालीताईंनी शनिवारी जाताना तिच्याकडे बघून नुसती मान हलवली होती. तिचा अर्थ सुषमा दोन दिवस लावत होती.

नाक्यावर तिच्याआधी कोणीतरी उभं होतं. वत्सलाबाईंची सून शीतल. आजवर सुषमानं तिला सकाळी खड्ड्यात वाकलेलंच पाहिलं होतं. आज तिचे केस धुतलेले होते, सोमवारी सकाळी, आणि टोकांतून अजून पाणी गळत होतं.

"सुषमाताई," शीतलनं विचारलं, "तुमच्याकडे भरती चालू आहे का अजून?"

बस आली. सुषमानं पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून हात पुढे केला.

"चल. वैशालीताईंनाच विचारू."