डॉक्टर विचारतील तेव्हा

तिने पट्टीचं टोक नवऱ्याच्या अंगठ्यात अडकवलं आणि मनगटाभोवती वेढे द्यायला घेतले. मांडीवर ठमी झोपलेली, त्यामुळे नीट वाकता येत नव्हतं. स्पर्धकांनी तयार व्हायच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. एकुलत्या दाराला पाठ लावून थोरले भाऊजी उभे होते. नवऱ्याला बॉक्सिंग त्यांनीच शिकवलेलं, आणि हे तिघं राहायचे तेही त्यांच्याच सरावाच्या हॉलवरच्या खोलीत.

लढतीआधी जुन्या गोष्टी सांगायची नवऱ्याला खोड होती. बायकांच्या बॉक्सिंगला ऑलिंपिकमध्ये पदकं मिळायला थेट दोन हजार बारा साल उजाडलं, घरातल्या बॉक्सिंगमध्ये मात्र बायकांना ती पहिल्यापासून मिळतात, असं तो म्हणायचा. आज त्याने रेघेचं सांगितलं. पूर्वी फेरी घड्याळावर संपत नसे; कोणी पडला की संपे. मग अर्ध्या मिनिटात रिंगणातल्या मधल्या रेघेशी यायचं, नाही आला तो हरला. आधी सोबतीच धरून आणायचे. पुढे नियम झाला, आपल्या पायांनी या.

ती हसली. दुसरा हात पुढे ओढला.

"तुला रेघेचं माहितीये का?" त्याने विचारलं. आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्याच जागी थांबून, तसाच हसून.

तिच्या हातातला वेढा सैल पडला. तिने भाऊजींकडे पाहिलं.

"लढत जवळ आली की होतं गं त्याचं असं," भाऊजी म्हणाले. "घट्ट बांध."

उन्हाळ्यापासून हे होतच होतं. नळ वाहता राही, गॅस पेटता राही. एकदा ठमीला कडेवर घेऊन निघाला आणि घराची गल्लीच चुकला. ती धास्तावून बोलायला गेली, तर बाळंतपणानंतर बायका उगाच धसका घेतात, हे भाऊजींचं ठरलेलं.

लढतीआधी तपासणारे डॉक्टर आले. डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, नाडी बघितली, मग नेहमीचे प्रश्न. मागची लढत कितव्या फेरीत संपली?

"सांग गं," तो तिच्याकडे वळून म्हणाला.

दर वेळी ती पटकन सांगून टाकायची. डॉक्टर हसायचे, भाऊजी म्हणायचे, याचं डोकं बायकोकडे असतं, आणि लढायच्या परवानगीवर सही होऊन जायची.

चौथ्या. शब्द तोंडात आला होता. तिने ठमीचं टोपडं सारखं केलं. ते सरकलेलं नव्हतंच. भाऊजी खाकरले. पुन्हा खाकरले.

"तुम्ही सांगा," डॉक्टर त्याला म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

तो छताकडे बघत राहिला. मग बांधलेल्या हातांकडे.

डॉक्टरांनी सही न करताच पेन खिशाला लावलं. भाऊजी त्यांच्यामागे गेले. त्यांचा चढा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत होता, आणि हॉलवरच्या खोलीचं आता काय होणार, ते तिला त्या आवाजावरूनच कळलं.

त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. ती पट्ट्या सोडू लागली.

"तुला येत होतं ना उत्तर?"

"हो."

त्याने हात मागे घेतले नाहीत.