दुसरा दंड

"हात निळा पडलाय, सोडा की आता," म्हणत धुळानं तानाबाईच्या दंडावरच्या रबरी पट्ट्याची नळी उपटली आणि सगळी हवा फुस्सदिशी निघून गेली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सोलापूरच्या त्या दवाखान्यात ही तपासणी नवीनच होती. दंड आवळून रक्त थोडा वेळ अडवायचं. अडलं की शिरेच्या अस्तरातून एक द्रव्य सुटतं आणि ते गुठळी विरघळवतं. तानाबाईच्या पायात दोनदा गुठळी धरली होती. तिच्या अंगात ते द्रव्य पुरेसं सुटलं, तर ती मेंढरांमागं जायला मोकळी. नाही तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि दर आठवड्याला इथं येऊन रक्त तपासणं. म्हणजे रानोमाळ फिरणं संपलंच.

धुळाचंही चुकलं नव्हतं म्हणा. मेंढीचा मोडका पाय बांधला आणि खूर गार पडला, की धनगर हातातली भाकरी टाकून आधी दोरी सोडतो. नाही तर पाय सडतो. जन्मभर हेच केलेला माणूस बायकोचा हात निळा पडताना हाताची घडी घालून बसेल होय?

"आता पुन्हा कधीतरी बघू," डॉक्टर म्हणाले.

"कदीतरी कशाला? ह्यो दुसरा दंड हाय की." तानाबाई नवऱ्याकडं वळली. "तुमी भायेर बसा जावा."

"दहा मिनिटं आवळावं लागेल. सोसेल का?"

"पाय सुजून खांब झाला, त्ये सोसलं. आवळा."

बोटं तटतटली, मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मोकळ्या हातानं पुसलं आणि आवळलेला दंड तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. दंड आवळण्याआधी आणि नंतर काढलेल्या रक्ताच्या गुठळ्या सारख्याच रेंगाळत विरघळल्या होत्या; द्रव्य सुटलं असतं, तर नंतरची लवकर विरघळली असती. ते द्रव्य तिच्या अंगात फारसं सुटतच नव्हतं.

"मेंढरं इकतो," बाहेर आल्यावर धुळा म्हणाला. "दोगं बी हितंच ऱ्हाऊ."

"बहात्तरच्या दुस्काळात पाला घालून जगवली, ती इकायला? तुमी जावा. मी मायाक्काकडं ऱ्हाते." मायाक्का तिची बहीण, सोलापुरातच गिरणीजवळ राहायची.

दिवाळी झाली आणि कळप शहराबाहेरच्या रस्त्यानं निघाला. एक मेंढी मागं रेंगाळली. तानाबाईनं तिला हुसकलं, तशी ती पळत जाऊन कळपात मिसळली. तिच्यामागं तानाबाईचा पायही सवयीनं पुढं पडला.

तिनं तो मागं घेतला, पदर सावरला आणि दवाखान्याचा रस्ता धरला. आज रक्त द्यायचा वार होता.