रडण्याचा रकाना

मी पाळणाघरातली नोंदवही बोलतेय. रोजचं एक पान आणि पानावर तीन रकाने: जेवण, झोप, रडणं. मी ज्या मुलीची, ती साडेतीन वर्षांची. सगळे तिला पिटुकली म्हणतात. दिवसा मी मावशींच्या कपाटात असायचे आणि संध्याकाळी तिच्या दप्तरातून घरी जायचे. घरी आई आणि ती, दोघीच. आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची.

मावशींच्या हाताखाली बारा मुलं. निवांत लिहायला फुरसत कुठली? दुपारी मुलं झोपली की त्या सगळ्या वह्या मांडीवर घेऊन भराभर भरायच्या. म्हणजे दोन वाजताच माझा दिवस संपायचा. माझ्यात कायम एकच: "सगळं जेवली. झोपली. रडली नाही." शेजारच्या वहीत एक दिवसाआड "चावला" असायचं, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते.

घरी मात्र दप्तर उतरायच्या आधीच तमाशा. मोजे काढायचे नाहीत. चमचा पिवळाच हवा. पिवळा दिला की निळा का नाही दिला म्हणून जमिनीवर लोळण. मग आई मला उघडून तिच्या नाकासमोर नाचवायची.

"हे बघ! तिकडे गरीब गाय आणि मला बघितलं की वाघीण! मी काय घोडं मारलंय गं तुझं?"

हळूहळू आईचं ओरडणं थांबलं. ती मला वाचून नुसतीच बसून राहायची. एक दिवस तिने माझ्या पानाच्या तळाशी, 'पालकांच्या सूचना' या जागेत लिहिलं: "माझ्याकडे फार त्रागा करते. तुमच्याकडे बरी असते. उद्यापासून साडेपाचऐवजी सातला नेईन." लिहिताना पेन दोनदा अडलं. आपली पोर आपल्याशिवायच सुखात आहे, असं तिला वाटलं होतं, आणि ते माझ्याच भरवशावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकीची मुलं साडेपाचला जायची. पिटुकलीही तेव्हाच बूट घालायची, दप्तर पाठीला लावायची आणि सातपर्यंत दाराकडे तोंड करून बसायची. मी तिच्या पाठीवरच असायचे, पण माझं पान तर दोनलाच भरलेलं.

तिसऱ्या आठवड्यात ती घसरगुंडीवरून पडली. माझ्यात नोंद झाली: "अकराला पडली. गुडघ्याला मलम लावलं. रडली नाही." सातला आई दारात आली आणि पिटुकलीने गुडघा पुढे करून भोकाड पसरलं.

आईने मला वाचलं. "अकराला लागलं आणि आत्ता रडतेस? मला बघूनच बरी नाटकं सुचतात!"

मावशी केर काढत होत्या, त्या थांबल्या. "नाटक नाही हो ताई. मी तेव्हाच विचारलं होतं, दुखतंय का. तर म्हणाली, आई आल्यावर दुखणार आहे."

"मग हे लिहिलं का नाहीत?"

"पोरीचं बोलणं म्हणून हसण्यावारी नेलं. चुकलंच माझं."

आई तिथेच, बुटांच्या फळीजवळ, खाली बसली. पिटुकलीला मांडीत घेऊन म्हणाली, "रड बाई, हवं तेवढं रड." आणि स्वतःच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी ती साडेपाचला हजर होती.

आता मी भरलेय, कपाटाच्या तळाशी पडून असते. नवी वही सांगते, चमच्यावरून अजूनही रणकंदन होतं, पण आई त्या वहीला पुरावा म्हणून कधी नाचवत नाही. बरं वाटतं. तरी त्या चौदा संध्याकाळी काही परत देता येत नाहीत, आणि ते माझ्या जिवाला लागून राहिलंय.

कधी मी कुणाच्या हाती लागले, तर जेवणाचं खरं माना, झोपेचंही माना. तिसऱ्या रकान्यावर मात्र विश्वास ठेवू नका. ती पोर रोज आपलं रडू आईसाठी राखून ठेवत होती, आणि मी त्याला शहाणपण म्हणत राहिले.